नागपूरचा उन्हाळा आणि परसातल्या कोंबड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की आमच्या गल्लीत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि त्याच आठवड्यात मला कोंबड्यांबद्दल विचारणारे पहिले फोन येतात. मानेवाड्याकडे आमच्या घरामागच्या सांदवाडीत गेली अकरा वर्षं चौदा-पंधरा कोंबड्या आहेत. त्यातल्या काही मी उन्हाळ्यात गमावल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या वाचू शकल्या असत्या. घरी पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. हजारो पक्ष्यांच्या फार्मचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

कोंबडीला ऊन नेमकं किती अंशांपासून बाधतं?

कोंबडीचं अंग मुळातच ४१ ते ४२ अंशांचं असतं. वर पिसांचं पांघरूण, आणि घाम येण्याची सोयच नाही. तुरा आणि गळ्याखालची लाल लोंबती कातडी यांतून ती थोडी उष्णता बाहेर टाकते, पंख अंगापासून सोडून उभी राहते, आणि तेवढ्याने भागलं नाही की चोच उघडून धापा टाकते. घशातला ओलावा उडतो, त्यावर अंग थंड होतं. तिशी ओलांडली की धापा सुरू होतात, पस्तिशीच्या पुढे तिला त्रास होतो, आणि ३८-४० नंतर जिवावर बेतू शकतं.

आता आपल्या गावाचा पारा बघा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. मे महिन्यात ४४-४५ तर आपण नेहमीचंच धरतो. म्हणजे दुपारी तीनला अंगणातली हवा कोंबडीच्या अंगापेक्षा गरम असते. गार वाऱ्याने अंग निवतं हा इतर गावांचा हिशेब इथे चालत नाही. गरम हवेत अंग निवायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाणी उडणं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

मग खुराड्यात पंखा लावून उपयोग नाही का?

सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर चांगला उपयोग आहे. भर दुपारी मात्र कोरडा पंखा म्हणजे लू आणखी जोरात अंगावर सोडणं. दुपारी पंखा लावायचाच असेल तर त्याच्यापुढे ओलं पोतं किंवा वाळ्याची ताटी हवी.

कूलर उत्तम. आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की कूलरमधून येणारा वारा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी सहज गार लागतो. फक्त कूलर खुराड्याच्या बाहेर ठेवून वारा आत सोडायचा, आणि समोरची बाजू उघडी ठेवायची. आत गेलेली हवा बाहेर पडली नाही तर दमटपणा कोंडतो आणि धापांचा फायदाच जातो. जुना, पत्र्याला गंज लागलेला कूलरही चालतो. वायर मात्र कोंबडीच्या चोचीपासून दूर ठेवा आणि पाणी सांडतं तिथे स्विचबोर्ड नको.

दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून बसतात. घाबरायचं कधी?

दुपारी बारा ते पाच चोच उघडी असणं, पंख सोडलेले असणं हे मे महिन्यात रोजचं दृश्य आहे. ती उठून पाण्यावर जाते, तुमची चाहूल लागताच मान वळवते, तोवर ती स्वतःला सांभाळते आहे.

घाबरायचं ते धापांच्या पुढची लक्षणं दिसली की. गेल्या वर्षीच्या आमच्या एका तांबड्या तलंगेची (तरुण कोंबडीची) गोष्ट सांगते. साडेतीनला मी पाणी बदलायला गेले तेव्हा बाकीच्या जणी कडुनिंबाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून बसल्या होत्या. ही एकटी भिंतीपाशी उभी. तुरा नेहमी लालभडक, तो फिका गुलाबी झालेला आणि टोकाशी निळसर. डोळे अर्धे मिटलेले. मी बकेट तिच्यापुढे ठेवली तर पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. चालायला गेली आणि दारूड्यासारखी एका बाजूला कलली. धापा टाकणारी कोंबडी अचानक शांत झाली, मान टाकायला लागली, पाणी नाकारायला लागली की तुमच्या हातात काही मिनिटंच असतात.

अशा कोंबडीला त्या क्षणी काय करायचं?

उचला आणि सावलीत आणा, पळवत नाही, सावकाश. बकेटीत माठातलं किंवा गार असलेलं साधं पाणी घ्या. बर्फाचं नको, एकदम फार गार पाणी लागलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. तिचे पाय आणि पोट पाण्यात बुडवा, डोकं वर हातात धरून ठेवा. पिसांच्या आत, कातडीपर्यंत पाणी पोचू द्या. वरवर शिंपडलेलं पिसांवरून ओघळून जातं. तुरा ओल्या बोटांनी पुन्हापुन्हा भिजवा. दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढून पंख्यापुढे ठेवा. आता अंग ओलं आहे, म्हणून आता पंखा काम करतो.

चोच फाकवून तोंडात पाणी ओतू नका. ती धापा टाकत असते, पाणी श्वासनलिकेत जातं, आणि उन्हातून वाचलेली कोंबडी त्याने मरते. चोचीच्या टोकाला ओलं बोट लावा, गिळायला लागली की वाटी पुढे करा. माझी तलंग वीस मिनिटांनी पाण्यावर आली. तिला त्या रात्री वेगळ्या टोपल्याखाली ठेवली, कारण अशक्त कोंबडीला बाकीच्या चोची मारतात.

अर्ध्या तासात मान उचलली नाही तर डॉक्टर गाठा. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, आणि शहरात सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

ऊन लागलं आहे की राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग), कसं ओळखायचं?

पहाटे साडेपाचला खुराड्यापाशी जा. त्या वेळी उन्हाची कोंबडी चोच मिटून, शांत असते. गार वेळीही तोंडाने श्वास चालू आहे, घशात घरघर आहे, नाकातून पाणी येतंय, विष्ठा हिरवी पातळ आहे किंवा मान पिळल्यासारखी वळते आहे, तर तो आजार आहे. वेगळी काढा आणि डॉक्टरला दाखवा. उन्हाने थकलेल्या पक्ष्यांत आजार लवकर शिरतो, म्हणून दोन्ही एकदम असणंही शक्य आहे. एका दिवसात चार-पाच पक्षी दगावले तर ऊन म्हणून सोडून देऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी कुत्र्यांना टाकू नका आणि खाऊही नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

पाणी किती आणि कसं ठेवायचं?

एरवी एक मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. उन्हाळ्यात ते दुप्पट होतं, कधी त्याहून जास्त. दहा कोंबड्यांना सहा-सात लिटर लागेल असं धरून चाला.

पण माझ्या मते लोकांची चूक लिटरात नसते, पाण्याच्या गरमपणात असते. पाणी अंगापेक्षा गरम झालं की कोंबडी पीत नाही, समोर भांडं भरलेलं असूनही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. ते नळाला लावलेल्या पाइपातून थेट भांड्यात सोडणं म्हणजे पाणी न देण्यासारखंच आहे. सकाळीच एक रांजण किंवा मोठा माठ भरून सावलीत ठेवा आणि दुपारचं पाणी त्यातून घाला. भांडीही मातीची घ्या. कुंभाराकडे पसरट परात किंवा कुंडीची थाळी मिळते, ती झिरपते आणि पाणी गार राखते. प्लॅस्टिकचं भांडंच असेल तर पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून त्यात आडवी टाका.

भांडी एकाच जागी नकोत. दांडगी कोंबडी एक भांडं अडवून बसते आणि भित्री तलंग तहानलेली राहते. दहा कोंबड्यांना तीन-चार ठिकाणी ठेवा, सगळी सावलीत. बारा, दोन आणि चार वाजता पाणी बदला. रोज सकाळी नारळाच्या शेंड्यांनी घासा, या दिवसांत एका दिवसात हिरवा बुळबुळीत थर धरतो.

पाणी आणि ओल असली की साप, विंचूही गारव्याला येतात. भांडं उचलण्याआधी खाली बघायची सवय लावा.

पाण्यात ओआरएस, गूळ, लिंबू घालावं का?

रोज नको. पारा ४३ च्या वर जाणार असेल त्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी दोन एका भांड्यात द्या, शेजारी साधं पाणी ठेवूनच. घरचं मिश्रण असं: ४ लिटर पाण्यात १ लहान चमचा मीठ, १ लहान चमचा खाण्याचा सोडा आणि १ मोठा चमचा साखर किंवा गूळ. माणसांच्या ओआरएसची पुडी वापरत असाल तर सांगितलेल्यापेक्षा दुप्पट पाणी घ्या. चार तासांनी उरलेलं फेकून द्या, गुळाचं पाणी लवकर आंबतं. लिंबू पिळायचं तर मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, पत्र्याच्या नको. मीठ अंदाजाने वाढवू नका. जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं.

खुराड्याला टिनाचं छप्पर आहे. काय करता येईल?

टिन काढून कवेलू (मातीची कौलं) घालता आले तर घाला. ते जमणार नसेल तर टिनाखाली उभं राहून वर हात करा: दुपारी दोन वाजता टिनापासून एक हात अंतरावरही तळहाताला धग लागते. कोंबडी रात्री ज्या आडव्या काठीवर बसते ती बहुधा तेवढ्याच अंतरावर असते.

टिनावर चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळा म्हणजे वाऱ्याने उडत नाही. पांढरा पत्रा कमी तापतो. त्यावर तुराट्या (तुरीच्या काड्या), पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) किंवा धानाच्या तणसाचा वीतभर थर पसरून वरून दोरी बांधा. हे तिन्ही आपल्या भागात मार्चपर्यंत शेतातून स्वस्तात मिळतं. तणसावर सकाळी अकराला आणि दुपारी दोनला पाणी मारा. पऱ्हाट्या फार कोरड्या असतात, म्हणून चूल किंवा कचऱ्याचा जाळ जवळ नको.

हिरवी शेडनेट टिनाला चिकटवून टाकू नका. टिनाच्या दीड-दोन फूट वर ताणून बांधा; मधून हवा वाहिली तरच तिचा उपयोग. बसायची काठी खाली आणा, आणि छपराखाली भिंतीच्या वरच्या कडेला वीतभर जाळीची फट ठेवा. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी. पुढच्या वर्षासाठी सल्ला हवा असेल तर फेब्रुवारीत खुराड्यावर दोडक्याचा नाहीतर भोपळ्याचा वेल चढवा. झाडाच्या सावलीसारखी गार सावली कोणत्याही नेटची नसते. सांदवाडीत मुनगा (शेवगा) असेल तर दुहेरी फायदा: सावलीही आणि कोवळा पाला कोंबड्यांना आवडतोही.

ओली पोती चारी बाजूंनी बांधली तर?

हे मी केलं आहे. दुसऱ्याच वर्षी, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), मी खुराड्याच्या चारही जाळ्यांना पोती बांधली, पाण्याने चिंब केली आणि आत गारवा झाला म्हणून समाधानाने झोपले. चारला उठून पोतं सरकवलं तर आतून भात शिजवताना झाकण उघडावं तशी वाफ तोंडावर आली. दोन कोंबड्या गेल्या होत्या. हवा दमट आणि थांबलेली, त्यात त्या धापा टाकून टाकून थकल्या. घशातलं पाणी उडणार कुठे?

पोती बांधा, पण ज्या बाजूने वारा येतो तिथे आणि पश्चिमेला. समोरची बाजू उघडी. खुराड्यात खाली अंथरलेलं तूस (धानाची टरफलं) भिजू देऊ नका. ओलं तूस कुजतं, त्यातून उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारा वास निघतो, आणि कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. उन्हाळ्यात तुसाचा थर दोन बोटंच ठेवा, जाड थर स्वतःच तापतो.

खाद्य कधी घालायचं? मका गरम पडतो म्हणतात.

मक्याची बदनामी उगाच आहे. खाल्लेलं पचवताना पुढचे चार-सहा तास अंगात उष्णता तयार होत राहते. नऊला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी दोनला बाहेरून आणि आतूनही तापते. म्हणून पहाटे पाचला खाद्य ठेवा, नऊच्या आत उचलून घ्या, आणि पुन्हा ऊन उतरल्यावर, साडेपाचनंतर द्या. दुपारी दिलेला गहू, तांदूळ, मका, सगळंच गरम.

उन्हाळ्यात त्या कमी खातात, तेव्हा जे खातील ते सकस हवं. नुसत्या कणकीवर (तांदळाच्या तुकड्यांवर) ठेवू नका. लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) द्या किंवा कणकीत सोयाबीनची ढेप मिसळा. संध्याकाळी खाद्य थोडं ओलं करून दिलं तर आवडीने खातात. तासाभरात उरलेलं काढून टाका.

टरबूज, काकडी, ताक, कांदा?

टरबूज आणि काकडी बिनधास्त द्या, दुपारी एकच्या सुमारास, गार करून. टरबुजाचं साल उलटं ठेवलं तर पांढरा भाग टोचत तासभर रमतात. ताक दोन-चार चमचे, त्याहून जास्त दिलं तर हगवण लागते. कांद्याबद्दल आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी आग्रह करतात, कारण आपण लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो. पण कच्चा कांदा जास्त खाल्ला तर कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कोंबड्यांना कांदा देऊ नका.

अंडी कमी झाली आणि कवच कागदासारखं पातळ येतंय. कॅल्शियम कमी पडतंय का?

थोडंफार, पण मूळ कारण धापा आहेत. कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. सतत धापा टाकल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेटचा भाग रक्तात अपुरा पडतो. त्यात खाणंही कमी. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेवा, कारण कवच रात्री चढतं. पाण्यातला खाण्याचा सोडाही इथे मदत करतो. खरा उपाय मात्र कोंबडी गार ठेवणं हाच. अंडी थांबली तर थांबू द्या. दिवा लावून किंवा टॉनिक पाजून मागे लागू नका.

अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. कोंबडा असेल तर दुपारच्या उन्हात पडलेल्या अंड्यात जीव धरायला लागतो आणि ते लवकर खराब होतं.

खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी) कोंबडी मे महिन्यात बसवावी का?

नको. अंडी उबवायला ३७.५ अंश लागतात, आणि आपल्या मेच्या दुपारी घराबाहेरची हवाच त्यापेक्षा सात-आठ अंश जास्त असते. अंड्यातला जीव आत शिजतो. शिवाय खुडूक कोंबडी जागची उठत नाही आणि उन्हातच बसून राहते. मार्चनंतर थांबा, मृग लागल्यावर बसवा. आधीच बसली असेल तर टोपलं घरातल्या गार कोपऱ्यात आणा, पाणी चोचीच्या टप्प्यात ठेवा, सकाळ-संध्याकाळ हाताने उठवून फिरवा.

नुकत्याच निघालेल्या पिल्लांचं उलट असतं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३-३५ अंश ऊब हवीच असते, पण मेमध्ये दिवसा ती हवेतूनच मिळते, म्हणून दिवसा बल्ब लावू नका. बल्ब चालू राहून पिल्लं भाजल्याच्या गोष्टी मी दरवर्षी ऐकते. पाण्याच्या थाळीत गोटे टाका, नाहीतर बुडतात.

नागपूरला कोणती जात टिकते?

गावरान, असील, कडकनाथ आणि मानेवर पिसं नसलेली कोंबडी. मान उघडी असलेल्यांच्या अंगावरही पिसं कमी असतात, उष्णता सहज बाहेर पडते. कडकनाथ काळा, म्हणून उन्हात मरेल असं लोक विचारतात. तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, उन्हाला सरावलेला आहे, सावली दिली की झालं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजाही परसात बरी निभावते, फक्त वजनाने भारी असल्याने गावरानपेक्षा लवकर दमते. ब्रॉयलर मार्चनंतर घरी आणू नका. वाढीच्या वेगामुळे त्याच्या अंगातच इतकी उष्णता असते की तो सगळ्यांआधी जातो.

लस, जंताचं औषध, विक्री, ने-आण?

पहाटे किंवा रात्री. दुपारी कोंबडी पकडणंसुद्धा तिच्या जिवावर येतं. राणीखेतची लस शक्यतो मार्चमध्येच उरका.

दुपारी लाइन गेली तर?

आधी सगळ्या बाजू उघडा, पोती वर गुंडाळा. मग कोंबड्यांना झाडाखाली सोडा आणि तिथली माती पाइपने भिजवा. त्या उकरून खड्डा करतात आणि ओल्या मातीत पोट टेकतात. आमच्याकडे कूलर चालू असतानाही दोघी-तिघी कडुनिंबाखालचा खड्डाच पसंत करतात. कुत्री-मांजरं फिरत असतील तर कोणीतरी तिथे बसा.

रात्री तरी बाहेर झोपू द्यावं का?

जाळीचा बंदिस्त पिंजरा असेल तर जरूर. विटांची भिंत रात्री दहापर्यंत धग सोडते, आणि कोंबडीला दिवसभराची उष्णता टाकायला रात्रच मिळते. जाळी बारीक आणि खालून पक्की हवी, मुंगूस बोटभर फटीतून घुसतं.

रोहिणी संपली, ढग आले, पारा ४० वर उतरला. आता निश्चिंत ना?

उलट याच दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन येतात. मृगाच्या आसपास पारा उतरतो पण हवा दमट होते. ४५ च्या कोरड्या उन्हात धापा काम करत होत्या. ३९ च्या दमट उकाड्यात घशातलं पाणी उडत नाही. कूलरही चिकट वारा फेकतो. आता पाणी मारणं, फवारे, ओली पोती सगळं बंद करा. हे दिवस नुसत्या पंख्याचे आणि मोकळ्या जाळीचे. हवा अंगापेक्षा गार आहे, ती जोरात वाहू द्या. खुराड्यात गर्दी असेल तर निम्म्या कोंबड्या दुसरीकडे हलवा. पहिला पाऊस पडून रात्र खरोखर गार व्हायला लागली की आधी भिजलेलं तणस उतरवा, ते कुजून आत गळायला लागतं, आणि तूस पूर्ण बदला. शेडनेट मात्र जून संपेपर्यंत राहू द्या. दोन सरींच्या मध्ये इथे पुन्हा कडक ऊन पडतं.